विषय: ज्येष्ठांचा व्हॉट्सॲप गट पुन्हा खुला करण्याबाबत

प्रेषक: नलिनीताई
सोमवार, २ डिसेंबर २०२४, सकाळी

मंडळाची कार्यकारिणी आणि सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठांच्या गटावर २४ नोव्हेंबरपासून ॲडमिनखेरीज कोणालाही लिहिता येत नाही. आदल्या दिवशी, शनिवारी, निवडणुकांवरून कोण काय बोलले आणि आधी कोणी काढले याची उजळणी मला करायची नाही. ते सर्वांनी वाचले आहे, आणि वाचले नसते तर बरे झाले असते. माझी अडचण बुधवारची आहे. ग्रंथालयातल्या बैठकीला कोण कोणाच्या गाडीने येणार हे मंगळवारी रात्री गटावरच ठरत असे. शरदरावांच्या गाडीत वसंतराव, विजयाताई आणि मी असतो, आणि त्या गाडीची सध्या काय अवस्था आहे हे मी लिहायला नको. मला गाडी चालवता येत नाही आणि विजयाताईंनी मोतीबिंदूनंतर चालवणे सोडले आहे. शिवाय येत्या ७ तारखेला मेडिकेअरची, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याची, योजना बदलण्याची मुदत संपते. ज्यांनी अजून लिफाफे उघडलेले नाहीत, ते एरवी एकमेकांना गटावरच विचारीत. निदान उद्या रात्रीपुरता तरी गट खुला करावा, ही विनंती.

प्रेषक: मंदार (कार्यवाह)
सोमवार, दुपारी

नलिनीकाकू, नमस्कार. गट बंद केलेला नाही, लिहिण्याची सोय तात्पुरती थांबवली आहे. ५ नोव्हेंबरची इथली, अमेरिकेतली निवडणूक आणि २३ नोव्हेंबरचा महाराष्ट्र विधानसभेचा निकाल एकाच महिन्यात आल्यामुळे जे झाले, ते आवरणे नोकरी सांभाळून मला शक्य नव्हते. त्या रात्री अकरापर्यंत दोन्ही बाजूंचे फोन मीच घेत होतो. काही जणांनी गट सोडला आणि एका काकांनी मंडळाच्या सभासदत्वाचाच राजीनामा पाठवला. मंडळ अमेरिकेच्या करकायद्यातील कलम ५०१(सी)(३) खाली करमुक्त आहे. अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही. गटाला मंडळाचे नाव आहे, बोधचिन्हही आहे. उद्या कोणी तक्रार केली तर उत्तर मला द्यावे लागेल, फॉरवर्ड करणाऱ्यांना नाही. गाड्यांचे कृपया याच ईमेल लिस्टवर ठरवावे.

प्रेषक: शरदराव
सोमवार, सायंकाळी

चि. मंदार, तू सांगितलेला नियम १९५४ पासून आहे आणि मंडळाची घटना लिहिताना तो आम्ही शब्दशः वाचला होता. तो संस्थेला लागू होतो, तसेच संस्थेच्या नावाने बोलणाऱ्या पदाधिकाऱ्यांना लागू होतो. एखाद्या सभासदाने स्वतःच्या नावाने मत मांडले म्हणून संस्थेने प्रचार केला असे होत नाही. हवे असल्यास गटाच्या माहितीत तसे एक वाक्य लिहावे आणि बोधचिन्ह काढून टाकावे. आक्षेपार्ह संदेश ॲडमिनला सर्वांसाठी पुसता येतो. ती सोय हाताशी असताना सर्वांच्याच तोंडाला कुलूप लावले, म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जाळले.

या बंदीने एक लाभ मात्र झाला, तो नाकारण्यात अर्थ नाही. पहाटे पाचपासून येणारी गुलाबाची फुले, उगवते सूर्य आणि कोणीही कधीही न उच्चारलेले थोरामोठ्यांचे सुविचार थांबले. गट खुला करताना शुभ सकाळवर कायमची बंदी घालावी अशी सूचना मी मांडतो.

गाडीबाबत म्हणाल, तर माझी गाडी नेहमीच्या वेळी निघेल. तीत कोणी बसू नये असे मी कोणालाही सांगितलेले नाही.

प्रेषक: विजयाताई
सोमवार, रात्री

शरदराव, तुमची सूचना मला मुळीच मान्य नाही. तुमच्या घरी सकाळी चहा विचारणारे माणूस आहे, म्हणून तुम्हाला ती फुले म्हणजे अडगळ वाटते. आम्हा एकट्या राहणाऱ्यांची ती हजेरी आहे. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा गणपती रोज साडेसातच्या आत गटावर येतो. नऊपर्यंत आला नाही की मी फोन करते, आणि फोन उचलला नाही की काठी घेऊन वर जाते. दसऱ्याच्या सुमारास असे झाले तेव्हा बाईंचा फोन देव्हाऱ्यात, फुलांच्या परडीखाली सापडला, आणि आम्ही दोघी हसून बेजार झालो. परंतु गट बंद झाल्यावरच्या आठवड्यात ती तापाने अंथरुणावर होती आणि मला तिसऱ्या दिवशी, तेही लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्याकडून समजले. तिची मुलगी सिएटलला आहे. इथे नऊ वाजतात तेव्हा तिथे सहा वाजलेले असतात, आणि मुलीला झोपेतून उठवायला नको म्हणून ही आजारपण लपवते. ती मला स्वतंत्र संदेश पाठवू शकली असती, हे तुम्ही म्हणाल. पण ‘मला बरे नाही’ असे एकालाच उद्देशून लिहायला आमच्या पिढीतल्या बायकांचा हात धजत नाही. गणपती सर्वांना पाठवता येतो.

प्रेषक: डॉ. अरविंद
मंगळवार, ३ डिसेंबर, सकाळी

विजयाताईंनी लिहिले ते वैद्यकीय दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. २०२३ मध्ये, डॉ. विवेक मूर्ती सर्जन जनरल, म्हणजे अमेरिकी सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख प्रवक्ते, असताना, एकटेपणाविषयी जो अधिकृत इशारा प्रसिद्ध झाला, त्यातली दिवसाला १५ सिगारेटी ओढण्याशी केलेली तुलना वर्तमानपत्रांनी चघळून चोथा केली आहे. मला त्याआधीचा, २०२० चा नॅशनल अकॅडमीज या अमेरिकी विज्ञानसंस्थेचा अहवाल अधिक उपयोगी वाटतो, कारण माणसांशी संपर्क कमी असणे आणि मनातून एकाकी वाटणे या दोन गोष्टी त्यात वेगळ्या ठेवल्या आहेत. स्वतःच्या घरी राहणाऱ्या ६५ वर्षांवरील अमेरिकन लोकांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांचा संपर्क कमी आहे, असे तो अहवाल सांगतो. आपल्याकडे मात्र उलट प्रकार फार दिसतो. मुलाच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळवून साठीनंतर आलेले आईवडील भरल्या घरात राहतात. पण ते घर सकाळी आठ ते सायंकाळी सहा रिकामे असते, पुढच्या रस्त्याला पदपथ नसतो, आणि दिवसातला पहिला संवाद नातवाची पिवळी बस दारात थांबते तेव्हा होतो. त्यांचे नाव कोणत्याही ‘एकटे राहणारे’ यादीत येत नाही.

थोडे विषयांतर करतो. आपल्यापैकी बहुतेकांना या देशाचे दार ज्या कायद्याने उघडले तो इमिग्रेशनचा कायदा १९६५ चा, मेडिकेअर १९६५ चे, आणि ज्यातून ज्येष्ठ केंद्रांना अनुदान मिळते तो ओल्डर अमेरिकन्स ॲक्टही १९६५ चाच. त्या कायद्याखालील केंद्रांत ६० वर्षांवरील कोणालाही दुपारचे जेवण मिळते. उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, पेटीत इच्छेनुसार पैसे टाकायचे. आपली मंडळी तिथे जात नाहीत, कारण शाकाहारी ताटात उकडलेले वाटाणे येतात. वाटाणे बेचव असतात, हे मला मान्य आहे. परंतु त्या टेबलावर जे शेजारी भेटतात ते व्हॉट्सॲप बंद झाल्याने नाहीसे होत नाहीत.

गटाचे काहीही ठरो, रोज एकाने दुसऱ्याला फोन करायचा अशी टेलिफोन साखळी तातडीने सुरू करावी.

प्रेषक: सुधाताई
मंगळवार, सकाळी

डॉक्टरसाहेब, साखळी ‘सुरू’ करण्याचा प्रश्न नाही, ती आहेच. मार्च २०२० मध्ये सर्व बंद झाले तेव्हा ज्येष्ठ समितीने, म्हणजे प्रत्यक्षात मी आणि आणखी दोघींनी, वही करून ती चालू केली. कोणाला इन्सुलिन आणून द्यायचे, कोणाच्या दाराशी डाळतांदूळ ठेवायचे, हे सर्व त्या वहीतून चालले. नवी कार्यकारिणी आल्यावर तिची आठवण कोणाला राहिली नाही. ती वही माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. तिच्यात लोकांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत आणि कोणाच्या मुलाला कोणत्या कारणासाठी फोन करू नये, हेही लिहिलेले आहे. ते गूगलच्या तक्त्यात भरण्यासाठी मी कोणालाही देणार नाही. ज्यांना साखळीत यायचे आहे त्यांनी मला फोन करावा. कार्यवाहांची परवानगी लागत नाही.

प्रेषक: वसंतराव
मंगळवार, दुपारी

शरदरावांच्या शेवटच्या वाक्याचेच उत्तर देतो. गाडीत बसू नका असे त्यांनी सांगितले नाही, हे खरे आहे. बसा असेही सांगितले नाही.

शरदरावांचा आणि माझा वाद नवा नाही. १९७५ मध्ये आणीबाणीवरून त्यांच्या एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही पहाटेपर्यंत भांडलो, १९८० मध्ये रेगनवरून भांडलो, आणि दोन्ही वेळा त्यांच्या पत्नीने पोहे केले आणि आम्ही ते खाल्ले. तेव्हा ऐकणारे चार लोक होते आणि चौघेही आम्हाला ओळखत होते. आता माझ्याविषयी ‘यांची बुद्धी परदेशात येऊन गंजली’ असे लिहिले गेले, ते गटातल्या सर्वांनी वाचले. त्यात माझी सून होती आणि जे मला ओळखतही नाहीत असे लोक अंगठा दाखवून मोकळे झाले. समोर बसून त्यांनी याहून कठोर शब्द वापरले असते तरी मी पोहे खाऊन घरी गेलो असतो. मला लेखी माफी नको आणि मंदारने मध्यस्थी करू नये. मी उद्या काउंटीच्या बसने येईन. काल फोन करून जागा राखून ठेवली आहे. नलिनीताईंना आणि विजयाताईंना त्या बसची माहिती हवी असल्यास मी देईन. एनजे ट्रान्झिट या न्यू जर्सीच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या ॲक्सेस लिंक सेवेच्या नादी मात्र लागू नका; ती सेवा वयावर मिळत नाही, अपंगत्वाची पात्रता ठरवून घ्यावी लागते.

प्रेषक: मंदार (कार्यवाह)
मंगळवार, सायंकाळी

सर्वांचे वाचले. गट आत्ता खुला केला आहे. बोधचिन्ह काढले आहे. शुभ सकाळ चालेल, पण व्हिडिओ नकोत. कोणत्याही देशातल्या निवडणुकीविषयी फॉरवर्ड केलेला मजकूर टाकू नये. स्वतःचे मत स्वतःच्या शब्दांत, व्यक्तीचा उल्लेख न करता लिहिता येईल. दिवसभर लक्ष ठेवणे मला शक्य नसल्याने शरदकाका आणि वसंतकाका या दोघांना ॲडमिन केले आहे. दोघांचे एकमत झाल्यास संदेश पुसावा.

प्रेषक: नलिनीताई
मंगळवार, रात्री

गट खुला केल्याबद्दल मंदारचे आभार. या दोघांचे एकमत झाल्याशिवाय संदेश पुसायचा नाही, म्हणजे एकही संदेश कधी पुसला जाणार नाही, हे कार्यवाहांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. विजयाताईंना तिसऱ्या ॲडमिन करावे. त्या या दोघांनाही गप्प करू शकतात आणि सकाळी साडेसातपासून जाग्या असतात. मेडिकेअरच्या कागदांसाठी ज्यांना मदत हवी त्यांनी ते उद्या बरोबर आणावेत, डॉक्टर अर्धा तास आधी येणार आहेत.

उद्याचे असे आहे. शरदराव साडेदहाला विजयाताईंकडे आणि तिथून माझ्याकडे येतील. बैठक साडेतीनला संपते, काउंटीची परतीची बस पाचची आहे, आणि घड्याळे मागे गेल्यापासून साडेचारला काळोख होतो. त्या थांब्यावर दिवा नाही आणि बसायला बाकही नाही. वसंतरावांनी येताना बसने यावे, त्याला माझी हरकत नाही. जाताना ते गाडीत असणार की नाही हे मात्र त्यांनी आज रात्री दहापर्यंत मला कळवावे, कारण ते नसतील तर मागच्या सीटवर मी ग्रंथालयात पडून असलेली पेटी ठेवणार आहे.