अनुभव धागा : वादळानंतर नातेवाइकांचं घर हलवताना (ह्यूस्टन आणि आसपास)

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी आलं, जुलै २०२४ मध्ये बेरिल. दोन्ही वेळा कुणाच्या मावशीचं, कुणाच्या काकांचं सामान उचलून दुसरीकडे न्यायची वेळ आली. ज्यांना यातलं कळतं त्यांनी नेमकं लिहा. 'काळजी घ्या' सगळेच म्हणतात. किती, कुठे, कशाने ते हवंय.

शुगर लँडहून, बांधकामातल्या माणसाकडून

गाडीतून उतरून थेट घरात शिरू नका, आधी गल्ली चालून या. दारांवर तपासणीचे कागद लावलेले असतील तर रंग बघा. हिरवा असेल तर आत जायला हरकत नाही. पिवळा म्हणजे मर्यादित वापर, अटी त्यावरच लिहिलेल्या असतात. लाल असेल तर पाय ठेवायचा नाही, काकू 'फक्त पासपोर्ट घेऊन येते' म्हणाल्या तरी नाही. रंगाच्या फवाऱ्याने मारलेली मोठी फुली ही शोधपथकाची खूण. तिच्या डावीकडे पथकाचं नाव, वर तारीख-वेळ, उजवीकडे धोके, खाली सापडलेल्या माणसांचा आकडा. सगळे खालचं शून्य वाचतात आणि उजवी बाजू सोडतात. गॅसगळती, उंदीर, खचलेली जमीन असं काही असेल तर ते तिथेच लिहिलेलं असतं.

मग पाण्याची रेघ. गॅरेजच्या दारावरची रेघ बघून घाबरू नका, गॅरेजची जमीन घराच्या जमिनीपेक्षा काही इंच खाली असते. घरातल्या भिंतीवर जमिनीपासून टेप लावून मोजा आणि टेपसकट फोटो काढा. ॲडिक्स आणि बार्कर जलाशयांच्या भागात हार्वीचं पाणी दिवसेंदिवस साचून होतं. अशा घरात खाली एक ठळक रेघ असते आणि वर एक पुसट. ठळक रेघ पाणी रेंगाळलं तिथली, पुसट रेघ ते सर्वात वर पोचलं तिथली. विम्याच्या दाव्यासाठी पुसट महत्त्वाची.

महाराष्ट्रातून आलेल्या आईवडिलांना विटांची भिंत दिसली की हायसं वाटतं. इथे बहुतेक घरांत वीट नुसतं बाहेरचं आवरण असते. आत पोकळी, मग लाकडी सांगाडा, मग शीटरॉक (आतल्या भिंतीचे जिप्समचे तक्ते). विटांच्या तळाच्या रांगेतल्या फटी पोकळीतलं पाणी बाहेर पडायला ठेवलेल्या असतात, त्या सिमेंटने बुजवू नका. शीटरॉकचा तक्ता ४ फूट रुंद आणि बहुधा आडवा लावलेला असतो. रेघ अडीच फुटांवर असली तरी आतलं इन्सुलेशन पाणी आणखी वर ओढतं, म्हणून ४ फुटांवर, सांध्याशी कापायचं. नवा तक्ता अख्खा बसतो. बुरशी २४ ते ४८ तासांत धरायला लागते. लाकडातला ओलावा पिनवाल्या मीटरवर १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत भिंत बंद करायची नाही. कंत्राटदाराला घाई असते, त्यामुळे मीटर आपला ठेवा.

केटीहून, छपराबद्दल

बेरिलचं नुकसान मुख्यतः वाऱ्याचं होतं, त्यामुळे वरच्याला पूरक लिहितो. उडून गेलेली शिंगल (छपरावरची डांबरी चकती) कुणालाही दिसते. उचकटून परत खाली बसलेली दिसत नाही, आणि पुढच्या पावसात तीच गळते. फोनचा कॅमेरा झूम करून जमिनीवरूनच बघा: वरच्या शिंगलखालून जिथे ती बाहेर येते तिथे आडवी घडी दिसते आणि घडीवरचे दाणे गेलेले असतात. तिचा चिकटपट्टा सुटला की तो पुन्हा नीट धरत नाही. नंतर माळ्यावर टॉर्च घेऊन जा. प्लायवूडवर काळे डाग, खिळ्यांच्या टोकांना गंज किंवा पाण्याचे थेंब दिसले तर खालच्या खोलीतलं सामान आधी हलवा.

ताडपत्री भोकापुरती टाकून चालत नाही. ती छपराच्या कण्यावरून (सर्वात वरच्या कडेवरून) पलीकडे ४ फूट उतरली पाहिजे, नाहीतर पाणी वरून तिच्याखाली शिरतं. कडा लाकडी पट्टीला गुंडाळून पट्टी स्क्रूने बसवायची. नुसते खिळे मारले तर पहिल्या वाऱ्यात फाटते.

पिअरलँडहून, विजेबद्दल, थोडक्यात

गल्लीत वीज आली आणि एकाच घरात नाही, तर भिंतीवरचा उभा पाइप बघा. वरून आलेली तार आणि मीटर कंपनीचे. पाइप, त्याची टोपी आणि मीटरचा डबा घरमालकाचा. पाइप वाकला असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनने दुरुस्त केल्याशिवाय कंपनी जोडणी देत नाही. पुरात बुडालेले ब्रेकर वाळवून वापरायचे नसतात, बदलायचे. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब, गॅरेजचं दार उघडं ठेवूनही आत नाही.

विम्याचं काम करणाऱ्याकडून

नातेवाइकांचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे 'विमा आहे ना'. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. केंद्र सरकारच्या पूरविम्यात एका कुटुंबाच्या घरासाठी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात. दुसरीकडे राहायचा खर्च त्यात नाही. नुकसानीचं सही केलेलं निवेदन घटनेपासून ६० दिवसांत द्यावं लागतं, सरकारने मुदत वाढवली तरच जास्त.

वाऱ्याच्या दाव्यात डिडक्टिबल (नुकसानीतला आपण भरायचा पहिला वाटा) बहुधा टक्क्यांत असतं, आणि तेही घराच्या विमारकमेवर, नुकसानीवर नाही. ४,००,००० चा विमा आणि २ टक्के म्हणजे पहिले ८,००० तुमचे. छपराचं काम ६,००० चं असेल तर हातात काहीच येत नाही. मग दारावर कुणीतरी येतो, 'डिडक्टिबल आम्ही बघून घेऊ' म्हणतो. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०१९ पासून हे बेकायदा आहे. इथे छप्परवाल्याला राज्याचा परवाना लागत नाही, त्यामुळे त्याचा स्वतःचा दायित्व विमा आहे का ते त्याच्या विमा कंपनीला फोन करून विचारा.

कर्ज असेल तर दुरुस्तीचा धनादेश बहुधा घरमालक आणि कर्ज देणारी संस्था अशा दोन नावांचा येतो. काका नव्या पत्त्यावर गेले आणि पत्ता फक्त पोस्टात बदलला, तर धनादेश अडकतो. विमा, कर्ज, फेमा (केंद्र सरकारची आपत्ती-मदत संस्था), तिन्हीकडे वेगवेगळा कळवा.

स्वयंपाकघर आणि कागदपत्रं, क्लिअर लेकहून

इथे भावनेचा भाग येतो, म्हणून यादी आधीच ठरवून जा. पुराचं पाणी लागलेलं पोळपाट-लाटणं आणि लाकडी चमचे टाकायचे. फिरकीच्या झाकणाच्या बरण्या टाकायच्या, आत आईने पाठवलेलं लोणचं असलं तरी. झाकणाच्या आट्यांत गेलेलं पाणी धुऊन निघत नाही. न फुगलेले, न गंजलेले पत्र्याचे सीलबंद डबे ठेवता येतात. वेष्टन काढून धुवायचे, एक गॅलन पाण्यात एक टेबलस्पून बिनवासाचं ब्लीच घालून त्यात १५ मिनिटं बुडवायचे आणि नाव-तारीख मार्करने लिहायची. स्टीलची भांडी आधी साबणाच्या गरम पाण्याने घासून मग तसंच. ब्लीचमध्ये अमोनियावालं दुसरं काही मिसळू नका.

वीज गेल्यावर न उघडलेला फ्रिज ४ तास, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास.

भिजलेले कागद आणि फोटो उन्हात घालू नका, चिकटतात. वेळ नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये, म्हणजे बुरशी थांबते. सवडीने वितळवून एकेक सुटं करता येतं.

पुन्हा केटीहून, ट्रक आणि ढिगाऱ्याबद्दल

ओलं आणि कोरडं एकाच ट्रकमध्ये भरू नका, बुरशी नव्या घरी पोचते. दाव्यासाठी फेकायच्या प्रत्येक उपकरणाच्या सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो घ्या, गालिच्याचा फूटभर तुकडा कापून ठेवा. रस्त्याकडेला वेगळे ढीग करा: झाडपाला, बांधकामाचा राडारोडा, मोठी उपकरणं, इलेक्ट्रॉनिक्स, रंग-रसायनं. एकत्र केलं तर पंजावाला ट्रक ढीग सोडून पुढे जातो. झाडाखाली, पाण्याच्या मीटरवर किंवा हायड्रंटजवळ (अग्निशमनाच्या नळाजवळ) रचला तरी तेच. फ्रिज न उघडता टेपने बांधूनच बाहेर काढा.

झाडपाला उचलताना बूट हवेत. पुरानंतर लाल मुंग्यांचे थवे ढिगाऱ्यात घर करतात. वर अडकलेली तुटकी फांदी असेल तर खाली ट्रक लावू नका.

विम्यावाल्याची आणखी एक ओळ

घर विकायचं ठरलं तर आधी पूर आला होता का, घर जलाशय भरल्यावर पाण्याखाली जाऊ शकणाऱ्या भागात येतं का, हे टेक्सासमध्ये विक्रेत्याला लेखी सांगावं लागतं. रेघेचे फोटो, कापलेल्या भिंतीचे फोटो आणि ओलाव्याच्या मीटरचे आकडे तारखेसह एका फोल्डरमध्ये ठेवा. दुरुस्ती नीट झाल्याचं खरेदीदाराला त्यावरूनच दाखवता येतं.