मदत हवी आहे: स्किल्ड वर्कर व्हिसावर कंपनी बदलतोय, तातडीचं आहे

हळदवाला
नमस्कार मंडळी. सध्याच्या कंपनीत राजीनामा टाकलाय, एक महिन्याची नोटीस आहे. नवी ऑफर सही करून दिली. तिथल्या एचआर बाई म्हणतात, तुमचा शेअर कोड (काम करायची परवानगी ऑनलाइन तपासायचा कोड) तपासला, परवानगी २०२८ पर्यंत दिसतेय, एक तारखेला जॉईन व्हा. ऑफिसमधला एक जण म्हणतो असं चालत नाही. नक्की काय ते सांगा. उद्या त्यांना उत्तर द्यायचंय.

ऑस्टिनकर
अजिबात घाबरू नका. नव्या कंपनीने पिटिशन, म्हणजे व्हिसाचा अर्ज, दाखल केलं की मंजुरीची वाट न बघता जॉईन होता येतं. मी असंच केलं. वकील मात्र कंपनीचाच घ्या.

यॉर्कशायरी
ऑस्टिनकर, तुम्ही अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाचं सांगताय. शेअर कोड म्हणजे हे यूकेत आहेत. इथे नियम बरोबर उलटा आहे, तुमचं ऐकून कोणी जॉईन झालं तर ते बेकायदा काम ठरेल.
हळदवाला, आधी हे सांगा: व्हिसा कधी मिळाला? पगार किती? नव्या कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणसाला व्हिसावर घ्यायचा परवाना) आहे का? त्यांनी सीओएस (सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, व्हिसाच्या अर्जासाठी कंपनीने द्यायचा दाखला) दिलाय का?

हळदवाला
हो हो, यूकेच. लायसन्स आहे, सरकारी यादीत नाव बघितलं. सीओएस "प्रोसेसमध्ये आहे" म्हणतात. पण जॉईन होण्याचं काय?

यॉर्कशायरी
नाही होता येणार. तुमची परवानगी त्या स्पॉन्सरकडच्या त्या कामापुरती आहे. २०२८ ही फक्त तारीख झाली. नव्या कंपनीने सीओएस द्यायचा, त्यावर तुम्ही नवा अर्ज करायचा, तो मंजूर झाला की मगच कामाचा पहिला दिवस. एचआरला स्पष्ट लिहा की आधी कामावर घेतलं तर कंपनीला पहिल्याच चुकीला माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्या कंपन्यांतल्या एचआरलाही हे ठाऊक नसतं.

बदलापूर_टू_ब्रिस्टल
यात एक चांगली गोष्ट राहिली. अर्ज विचाराधीन असताना जुन्या कंपनीत काम चालू ठेवता येतं, नोटीस पूर्ण करता येते. पण राजीनामा आधीच का दिलात? मी सगळ्यांना सांगतो, मंजुरी हातात येईपर्यंत तोंड उघडू नका.

यॉर्कशायरी
दिलाय तर दिलाय, आता त्यावर वेळ घालवू नका. अर्जाला साधारण आठ आठवडे लागतात. नोटीस महिन्याची. म्हणजे मध्ये पगाराशिवाय महिना जाऊ शकतो. ५०० पौंड जास्त भरले तर पाच कामकाजी दिवसांत निकाल, १,००० भरले (सुपर प्रायॉरिटी) तर पुढच्या कामकाजी दिवशी.

कोथरूडची_अनू
आणि नोकरी सुटली की ६० दिवसांत देश सोडावा लागतो, हे विसरू नका. शेवटच्या दिवसापासून मोजायचे.

बदलापूर_टू_ब्रिस्टल
अनूताई, शेवटच्या दिवसापासून नाही. जुनी कंपनी १० कामकाजी दिवसांत होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला, कळवते. मग होम ऑफिस व्हिसाची मुदत कमी केल्याचं पत्राने कळवतं, ते ६० दिवस तिथून धरायचे. त्याला कित्येकदा बरेच आठवडे लागतात.

कोथरूडची_अनू
माझ्या दिराचं पत्र लगेच आलं होतं. लोकांना "वेळ लागतो" सांगून निवांत करू नका. दोन पोरं घेऊन घर आवरायची वेळ आली होती त्यांच्यावर.

यॉर्कशायरी
पत्र कधी येतं त्याबद्दल दोघांचंही खरं आहे, पण हळदवाल्यांनी त्याआधी अर्ज केला तर हा प्रश्न फारसा उरत नाही. हळदवाला, पगार आणि व्हिसाची तारीख अजून सांगितली नाहीत.

हळदवाला
सप्टेंबर २०२३. नवा पगार वर्षाला ३९ हजार पौंड. टेस्टिंगचं काम.

ठाण्याचा_सीए
मग अडचण आहे. जुलै २०२५ पासून किमान ४१,७०० लागतात. पगार वाढवून मागा, नाहीतर अर्ज नाकारला जाईल. आणि भारतातला पीएफ काढलात का? एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं) खातं केलंत का? ही कामं बरेच जण लांबवतात.

यॉर्कशायरी
४१,७०० सरसकट नाही. ज्यांचा पहिला सीओएस ४ एप्रिल २०२४ च्या आधीचा आणि जे तेव्हापासून सलग याच व्हिसावर आहेत, त्यांना ३१,३०० ची मर्यादा. सप्टेंबर २०२३ म्हणजे हे त्यात बसतात. पण सरकारने प्रत्येक प्रकारच्या कामाला कोड दिलाय, तुमच्या कोडचा ठरलेला पगाराचा दर जास्त असेल तर तो धरला जातो. सीओएसवर नवी कंपनी कोणता चार आकडी कोड टाकतेय ते आजच विचारा. कोड चुकला की सगळंच फिसकटतं.

बदलापूर_टू_ब्रिस्टल
पैसे कोण भरणार तेही विचारा. "आम्ही स्पॉन्सर करतो" म्हणजे सगळं भरतो असं नव्हे. तीन वर्षांपर्यंतच्या सीओएसवर एप्रिल २०२५ च्या दराने अर्जाचे ८८५, वर आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५. तीन वर्षांचे ३,१०५. म्हणजे जवळजवळ ४,००० पौंड, तेही एकदम.

हळदवाला
बाप रे. आणि जुनी कंपनी व्हिसाचे पैसे परत मागतेय, एक मोठा आकडा मेलमध्ये टाकलाय. त्यात "स्किल्स चार्ज" पण आहे. द्यायचे का?

यॉर्कशायरी
इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी माणूस स्पॉन्सर केल्याबद्दलचं सरकारी शुल्क) कंपनीनेच भरायचा असतो, तो तुमच्याकडून वसूल करता येत नाही. बाकी रक्कम करारात काय लिहिलंय त्यावर. त्यांना प्रत्येक रकमेचं वेगळं विवरण मागा, लेखी.

मिल्टन_मेतकूट
नवी नोकरी कुठे आहे? रीडिंग असेल तर शाळेच्या हद्दीत घर मिळणं फार कठीण झालंय, आताच बघायला लागा. आमच्याकडे इथे मराठी कुटुंबं बरीच आहेत, गणपतीत भेटू.

कोथरूडची_अनू
कंपनी बदलली की पीआरची (कायम राहायच्या परवानगीची) पाच वर्षं नव्याने सुरू होतात ना?

बदलापूर_टू_ब्रिस्टल
नाही. मध्ये खंड पडला नाही तर मागचा काळ धरतात. मे २०२५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत पाचाऐवजी दहा वर्षांचा प्रस्ताव आलाय, तो वेगळा विषय. त्यावर वेगळा धागा काढा, इथे हळदवाल्यांचं राहू द्या.

हळदवाला
सगळ्यांचे आभार. एचआरना लिहिलं, त्यांनी तारीख पुढे ढकलायची तयारी दाखवलीय. आता फक्त एवढंच: या महिन्याच्या शेवटी बहिणीचं लग्न आहे सांगलीत, तिकिटं काढलीत. अर्ज करून जातो, आल्यावर निकाल बघतो. चालेल ना?

यॉर्कशायरी
अजिबात नाही! हे आधी सांगायला हवं होतं. निर्णयाच्या आधी तुम्ही यूके, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनल बेटांच्या बाहेर गेलात तर अर्ज मागे घेतल्यासारखा धरला जातो. पैसे आणि वेळ दोन्ही जाईल. एक तर सीओएस मिळताच सुपर प्रायॉरिटीने अर्ज करा, मंजुरी हातात आली की विमानात बसा. नाहीतर रजा घेऊन नोटीस संपायच्या आत लग्नाला जाऊन या, आणि परत आल्यावर अर्ज करा. सीओएस दिल्यापासून तीन महिने वापरता येतो. लग्न चुकवू नका, पण अर्ज टाकून उडू नका.

हळदवाला
मग पहिलाच मार्ग. सीओएस गुरुवारपर्यंत द्या असं त्यांना आत्ताच लिहितो. बायकोच्या डिपेंडंट व्हिसाचं पण त्यातच करायचं का?

यॉर्कशायरी
तिच्या व्हिसाची मुदत बाकी असेल तर आत्ता गरज नाही, संपायच्या आधी अर्ज केला की झालं. तिचाही सोबत टाकलात तर तिलाही निर्णयापर्यंत जाता येणार नाही.