'ताजा द्राक्षांचा रस' की 'ताज्या'?

पंचवटीकर: नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका गाड्यावर खडूनं लिहिलंय, 'ताजा द्राक्षांचा रस'. म्हटलं, दादा, 'ताज्या' हवं. तो म्हणाला, "रस आत्ता काढतो ना, म्हणून ताजा." चुकलं कोण?

शालिमार: तुम्ही! गाडेवाल्यानं आधी 'द्राक्षांचा रस' जुळवला आणि त्या जोडीला 'ताजा' लावलं. रस पुल्लिंगी, म्हणून 'ताजा'. तुम्ही आधी 'ताजी द्राक्षं' जुळवलीत. 'चा' लागताना द्राक्षांचं सामान्यरूप (प्रत्ययाआधी शब्दाचं बदलणारं रूप) झालं, त्यासरशी 'ताजी'चं 'ताज्या'. त्याच्या पाटीनुसार द्राक्षं आठवडाभर पडलेली चालतात, तुमच्या पाटीनुसार रस कालचा चालतो. शब्द तेच, पण कोण कोणाशी आधी जोडला गेला यावर अर्थही फिरला आणि उच्चारही. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी १९९५ च्या 'द मिनिमलिस्ट प्रोग्रॅम' या पुस्तकामध्ये हीच क्रिया पायाशी धरली आहे. तिचं नाव 'मर्ज': दोन घटकांचा एक करायचा, तो पुन्हा तिसऱ्याशी जोडायचा. अशा रचनेला पुढे दोन वाटा फुटतात, एक उच्चाराकडे, एक अर्थाकडे.

कॉलेज रोड: आणि 'गोड द्राक्षांचा रस'?

शालिमार: तिथं पंचाईत. 'गोड' अविकारी, म्हणजे कुठंही न बदलणारं, त्यामुळे रचना दोन असूनही रूप एकच. बोलताना 'गोड'नंतर जरा थांबलं तर कळतं. खडूला कुठला विराम? साखर घातलीय का, हे विचारावंच लागतं.

पंचवटीकर: बरं, मग हे सोडवा. काल एक बाई म्हणाल्या, "ताज्या द्राक्षांच्या रसात बर्फ नको." ताजं काय?

शालिमार: वा, हे झकास! 'रसात' म्हटल्यावर रसाचंही सामान्यरूप होतं, म्हणजे रसाचा 'ताजा'सुद्धा 'ताज्या'च होणार. मघाशी ज्या सामान्यरूपानं फरक दाखवला, त्यानंच तो पुसला. अर्थ मात्र दोन उरलेच, कारण ते रचनेतून येतात, कानावर पडणाऱ्या रूपातून नाही. शाळेत सामान्यरूपाचे तक्ते घोकून घेतले, ही गंमत कोणी दाखवली नाही.

कॉलेज रोड: सरळ 'द्राक्षांचा ताजा रस' लिहा की. 'द्राक्षांच्या ताज्या रसात' म्हटलं तरी गोंधळ नाही.

पंचवटीकर: सांगून पाहिलं. म्हणाला, "'ताजा' पहिला दिसला पाहिजे, गिऱ्हाईक त्यालाच थांबतं." रस खरंच समोर काढला. द्राक्षांबद्दल पाटीनं वचन दिलंच नव्हतं, आणि ती होतीही तशीच.