मदत हवी आहे: गॅस बॉयलर काढून हीट नेटवर्क घ्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडच्या ईशान्य भागात राहतो. आमच्या गावाच्या मध्यवस्तीत कौन्सिल हीट नेटवर्क आणायचं म्हणतेय. म्हणजे एका केंद्रात पाणी तापवायचं, जमिनीखालच्या पाइपांतून घरोघरी फिरवायचं. बॉयलरच्या जागी भिंतीवर नुसती हीट एक्स्चेंजरची, म्हणजे त्या पाण्यातली उष्णता घरातल्या पाण्याला देणारी पेटी. उदाहरण गेट्सहेडचं देतात. तिथे बंद पडलेल्या कोळसा खाणींतलं पाणी १५० मीटरवरून उपसून ६ मेगावॉटच्या हीट पंपाने त्यातली उष्णता घेतात, २०२३ पासून. (कोळशाने जाता जाता थोडं पुण्य कमावलं म्हणायचं!)

कल्पना पटते, पण आमचं घर जुनं, भरीव विटांच्या भिंतींचं, रेडिएटरही लहान. पाणी ६० अंशांवरच आलं तर जानेवारीत खोल्या तापतील का, की रेडिएटर बदलावे लागतील?

दुसरी धास्ती दराची. जानेवारी २०२६ पासून ऑफजेमची (इथल्या ऊर्जा नियामक संस्थेची) देखरेख आली खरी, पण गॅससारखी दरमर्यादा नाही आणि एकदा जोडलं की पुरवठादार बदलता येत नाही. करारात नेमकं काय बघू? स्थिर आकार किती येतो?

डेन्मार्कमधल्या मंडळींनी जरूर सांगा, तुमच्याकडे दोन तृतीयांश घरं यावरच आहेत. सही पुढच्या महिन्यात करायचीय.