पेटंट मोठं की मार्केट? सीडीएमए-जीएसएमचं काय झालं बघा

रेंजवाला: स्टँडर्ड, म्हणजे सगळ्या कंपन्यांनी पाळायचं एकच तंत्र, बनवायचं तर आधी पेटंट पाहिजे असं सगळे म्हणतात, मला अजिबात पटत नाही. सीडीएमए आणि जीएसएम ही 2जीच्या काळातली मोबाईल नेटवर्कची दोन तंत्रं. अमेरिकेच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचंच घ्या, सीडीएमएची महत्त्वाची पेटंटं त्यांच्याकडे, तंत्रही जबरदस्त, एकाच फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांचे कॉल सोडायचे आणि कोडवरून वेगळे काढायचे, तरी जगभर चाललं जीएसएमच. कारण 1987 ला कोपनहेगनमध्ये युरोपातल्या 13 देशांच्या ऑपरेटर्सनी सही करून टाकली की आम्ही हेच लावणार. एवढं गिऱ्हाईक आधीच ठरलेलं म्हटल्यावर फोन बनणारच, स्वस्त होणारच. आपल्याकडे रिलायन्सने 2003 ला 501 रुपयांत मान्सून हंगामा ही फोनची ऑफर काढली, सीडीएमए फोन घरोघरी गेले, आणि शेवटी त्यांनीही देशभर जीएसएम आणलंच ना?

मिरजकर: अर्धंच सांगताय. युरोपवाल्यांनी 3जी काढलं ते कशावर? सीडीएमएवरच! स्वीडनची नेटवर्क यंत्रं बनवणारी एरिक्सन क्वालकॉमशी कोर्टात भांडत होती, 1999 ला तडजोड केली. मग 2जीत मागे पडलेली क्वालकॉम 3जीत जीएसएमवाल्यांकडूनच रॉयल्टी घ्यायला लागली, तीही फोनच्या किमतीवर टक्क्याने, म्हणजे तुम्ही कॅमेरा भारी टाकलात तरी त्यांचे पैसे वाढणार. रस्ता तुमचा, टोलनाका त्यांचा.

अनघा_रिपेअरिंग: मोबाईलच्या दुकानात काम केलंय म्हणून सांगते, गिऱ्हाईक पेटंट बघून फोन घेत नाही. सुरुवातीच्या सीडीएमए हँडसेटला सिमची जागाच नव्हती, नंबर फोनमध्येच प्रोग्राम केलेला, हँडसेट बदलायचा तर कंपनीच्या माणसाकडे जा. जीएसएमवाला काउंटरवर उभ्या उभ्या मागचं झाकण उघडायचा, बॅटरी काढायचा, सिम दुसऱ्या फोनमध्ये सरकवायचा की झालं काम. सेकंडहँड फोनचा धंदा त्याच्यावरच चालला, सीडीएमएचा जुना फोन कोण घेणार होतं?

मिरजकर: ताई, सिमचं बरोबर आहे, पण जीएसएम काय फुकट होतं का? त्यातही मोटोरोलाची ढीगभर पेटंटं होती, आणि त्यांना नुसते पैसे नको होते, तुमची पेटंटं द्या मग आमची देतो असा हिशोब. ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं ते जपानी कंपन्यांसकट सुरुवातीला बाहेरच राहिले. मार्केटमध्ये कोणी यायचं हेच पेटंटने ठरवलं की.

रेंजवाला: पण त्या पेटंटला किंमत कधी आली? स्टँडर्डमध्ये गेल्यावर! त्याआधी दुसऱ्या तंत्राने काम भागवता येतं, नंतर पर्यायच उरत नाही. म्हणूनच तर स्टँडर्ड ठरवताना कंपन्यांकडून लिहून घेतात की वाजवी दरात, भेदभाव न करता लायसन्स देऊ. आणि 4जीचं बोला ना, क्वालकॉमने स्वतःचं 4जी तंत्र यूएमबी काढलं होतं, पण अमेरिकेतली व्हेरायझन, त्यांची सीडीएमएची मोठी गिऱ्हाईक, तीच एलटीई या दुसऱ्या 4जी तंत्राकडे गेली आणि 2008 ला यूएमबी गुंडाळावं लागलं.

मिरजकर: गुंडाळलं, पण नुकसान कुठे झालं? ओएफडीएमची, म्हणजे डेटा अनेक छोट्या फ्रिक्वेन्सींवर वाटून पाठवायच्या तंत्राची पेटंटं असलेली फ्लॅरिअन कंपनी त्यांनी आधीच विकत घेऊन ठेवली होती, एलटीई त्याच तंत्रावर चालतं. कुठलंही स्टँडर्ड जिंकू दे, पैसे त्यांना मिळतातच, याला ताकद नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

रेंजवाला: पैसे मिळतात हे मी नाकारतच नाहीये हो, प्रश्न स्टँडर्ड कोण ठरवतं हा आहे. एवढी पेटंटं हातात असताना एकाही मोठ्या ऑपरेटरने यूएमबी का लावलं नाही, एवढं सांगा.