मदत हवी आहे: ब्रेसवाली पिस्तूल विकायची आहे, दुकानदार घेईना

खोकीवाला: मंडळी, पुढच्या महिन्यात घर हलवतोय, त्याआधी माझी ब्रेसवाली (मागे हाताला टेकवायचा आधार लावलेली) एआर पिस्तूल (एआर-१५ रायफलच्या धाटणीची) विकून टाकायची आहे. २०२३ ला असल्या पिस्तुली सरकारकडे नोंदवायचा नियम आला तेव्हा घाबरून रजिस्टर केली होती, आता कोर्टाने नियमच उडवलाय ना, मग प्रॉब्लेम काय? दुकानदार विचारतो ही पिस्तूल की एसबीआर (शॉर्ट बॅरल रायफल, आखूड नळीची) ते आधी सांग. दोन दुकानांनी हात झटकले. लवकर सांगा, पॅकिंग चालू आहे.

नाना_ह्यूस्टन: कुठून कुठे हलताय? आणि फॉर्म १ (रजिस्टर करायचा अर्ज) नुसता भरलेला की अप्रूव्ह झालेला?

खोकीवाला: झालेला, मेल आहे कुठेतरी. डॅलसहून.

नाना_ह्यूस्टन: अहो पण *कुठे*?

खोकीवाला: न्यू जर्सी.

नाना_ह्यूस्टन: हे पहिल्या ओळीत लिहायचं हो! तिकडे एसबीआर चालतच नाही, एआरचं नाव काढलं तरी भानगड. सोबत नेऊ नका.

बंदूकनको: मुळात घरात पोरंबाळं असताना असली वस्तू आणायचीच कशाला?

खोकीवाला: ताई, विकायलाच निघालोय.

काउंटरवाला: मी पॉन शॉपमध्ये काउंटरला असतो म्हणून सांगतो. जानेवारी २०२३ च्या नियमाने ब्रेस लावलेल्या बहुतेक पिस्तुली शॉर्ट बॅरल रायफल ठरल्या, ३१ मे पर्यंत २०० डॉलरचा टॅक्स माफ करून रजिस्टर करून घेतल्या, आणि जून २०२४ ला टेक्सासच्याच फेडरल जजने नियम रद्द केला. पण नियम गेला म्हणून तुझी नोंद आपोआप पुसली जात नाही. आणि एसबीआरचा धंदा करायला दुकानाला लायसनवर आणखी वेगळा टॅक्स भरावा लागतो, तो आम्ही भरत नाही, मग हात झटकणारच की. आमच्याकडे आधीच मागच्या खोलीत छतापर्यंत ४४७३ चे (बंदूक घेताना गिऱ्हाईक भरतं तो फॉर्म) खोके आहेत, पूर्वी २० वर्षांनी फाडता यायचे, २०२२ पासून तेही बंद, दुकान असेपर्यंत सांभाळा.

ऑस्टिनकर: उगाच घाबरवू नका त्याला. १ जानेवारी २०२६ पासून एसबीआरचा तो २०० डॉलरचा टॅक्स शून्य झालाय, विषय संपला.

काउंटरवाला: टॅक्स शून्य झाला, रजिस्ट्रेशन नाही. बोटांचे ठसे, फोटो, अप्रूव्हलची वाट बघणं, सगळं तसंच आहे. अर्धवट वाचून सल्ले देऊ नका.

मालवणी_माणूस: आमच्याकडे सिंधुदुर्गात निवडणूक लागली की शेती संरक्षणाची बंदूक ठाण्यात जमा करायची, तोवर रानडुकरं भात लोळवून मोकळी. तिकडे डुकरांसाठी लायसन लागतं का?

नाना_ह्यूस्टन: मालवणी भाऊ, वेगळा धागा काढा. खोकीवाले, एक राहिलंच, रजिस्टर झाल्यावर ब्रेस काढून स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) तर नाही ना लावला?

खोकीवाला: लावला 😅 रजिस्टर झालीच आहे म्हटलं.

काउंटरवाला: घ्या! म्हणजे नियम असो नसो, आज ती खरोखरच एसबीआर आहे. दोनच रस्ते. एसबीआर म्हणून टेक्सासमध्येच फॉर्म ४ (दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज) वर वीक, पण अप्रूव्हल येईपर्यंत माल हातातून द्यायचा नाही आणि तुला तर महिनाच आहे. नाहीतर स्टॉक काढून पुन्हा पिस्तूल कर, नोंद काढा असं एटीएफच्या (बंदुकांचं केंद्रीय खातं) एनएफए डिव्हिजनला, म्हणजे ही नोंद ठेवणाऱ्या विभागाला लिही, मग साधी पिस्तूल म्हणून वीक.

ऑस्टिनकर: पत्र बंधनकारक नाहीये. एटीएफ फक्त 'पाठवलेलं बरं' म्हणते.

काउंटरवाला: नसेल. पण रजिस्टरमध्ये तुमच्या नावावर असलेल्या नंबरची बंदूक पत्राच्या कॉपीशिवाय मी तरी घेणार नाही.

खोकीवाला: ओके, पत्र पाठवतो. मेल सापडला. स्टॉकही निघाला. जुनी ब्रेस सापडत नाहीये, २३ खोकी टेप लावून बंद केलीत आणि बायकोने सगळ्यांवर 'किचन' लिहिलंय.

मालवणी_माणूस: डुकरांचं कोणी सांगेल का?