खालचीच कवळी का उचलते?

‘वरची कवळी घट्ट बसते, खालची सारखी उचलते, म्हणजे माप चुकलं का?’ असं एकाने विचारलंय. बहुतेक वेळा माप चुकलेलं नसतं. वरच्या कवळीला अख्खी टाळू मिळते आणि मधल्या लाळेच्या पातळ थरामुळे ती चिकटून राहते. खाली मात्र घोड्याच्या नालेसारखी अरुंद हिरडी, आणि मधोमध जीभ, जी बोलता-गिळताना कवळीला ढकलतच असते. त्यात दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त.

माझ्या वडिलांची कवळी दोन वर्षं छान होती, मग बोलताना टकटक वाजायला लागली. नवीनच करायला निघालो होतो, पण आतून नवा थर देऊन, म्हणजे रिलाइनिंग करून, काम भागलं. आधी तेवढं विचारून बघा. बाजारातल्या चिकट पेस्टवर वर्षानुवर्षं ढकलू नका.

तरीही जमत नसेल तर खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रुजणारे छोटे स्क्रू, बसवून त्यांवर अडकणारी कवळी करतात. प्रेस बटणासारखी टक्कन बसते आणि रोज काढून धुताही येते. दात अजिबात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या बैठकीने 2002 मध्येच म्हटलं होतं. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा सिगारेट सुटत नसेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगा, इम्प्लांट हाडात रुजायला त्रास होतो.

आणि हो, रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा. गरम पाणी नको, वाकडी होते.